मनीप्लांटसाठी दक्षिणेची खिडकी

डुलुथ, मिनेसोटा
९ नोव्हेंबर

चिरंजीव ब्रिटा हिस,

तळघरातील भट्टी कालच पेटवल्यामुळे किंचित कोमट झालेले तुझ्या पित्याचे अनेकोत्तम आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. सरोवर जागच्या जागी आहे. प्रथम हिमवर्षाव यथासांग पार पडला. त्यात फावडे सापडले आणि कंबर हरवली. चर्चच्या तळघरात सामुदायिक भोजन झाले. बटाट्याच्या गोळ्यांचे ते सुप्रसिद्ध भाजलेले प्रकरण मला नेहमीप्रमाणे दुप्पट वाढण्यात आले. विधुरांच्या जठराविषयी आपल्या मंडळींची काही निश्चित धर्ममते असावीत.

तू गेल्या खेपेस दूरध्वनीवर म्हणालीस, "बाबा, फोनवर तू दोन विनोद करतोस आणि ठेवून देतोस. मला पत्र लिही. पत्रातून माणसाला इतक्या लवकर पळता येत नाही." निदान परिचारिकेस शोभेल असेच आहे. औषध घेत आहे. मात्र रुग्णाने कडू औषधात साखर घातली तर तुझ्या रुग्णालयात चालते की नाही, ते कळव.

आता मुख्य वृत्त. मी वनस्पतिपालनाच्या क्षेत्रात पदार्पण केले आहे. हसू नकोस. टुसॉनमध्ये, जिथे निवडुंगसुद्धा उन्हाला कंटाळतात, तिथे बसून तुला या घटनेचे गांभीर्य कळणार नाही. आपल्या घरात आजवर सजीव अशी वस्तू म्हणजे तू, तुझी आई आणि शीतकपाटाच्या तळाशी विसरलेले गाजर.

याचे निमित्त असे. आमच्या काउंटी कचेरीत नोंदणी विभागात उन्हाळ्यात श्रीमती कोम्ब्स नामक बाई रुजू झाल्या. मूळ केंटकीच्या डोंगराळ भागातील. त्यांच्या मेजावर एक मनीप्लांट आहे, आणि 'मेजावर' हा शब्द केवळ त्याच्या उगमापुरता खरा आहे. तेथून तो कपाटावर चढतो, खिडकीच्या चौकटीवरून जातो आणि विवाहनोंदणीच्या खिडकीपाशी येऊन नवदांपत्यांच्या डोक्यावर लोंबतो. मी करासाठी घरांची मूल्ये ठरवणारा मनुष्य. खरेदीखतांच्या प्रती घ्यायला मला तिकडे वारंवार जावे लागते. एकदा कुतूहल अनावर झाले.

"हा इथलाच का हो?" मी विचारले.

"छे! माझ्याबरोबर आला. ट्रकच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून. सगळ्या रस्त्यात एकदाही कुरकुरला नाही. माझा नवरा असता तर इंडियानातच परत फिरला असता."

"तुमचे यजमान..."

"आहेत की. केंटकीत. दुसऱ्या बायकोबरोबर. फांदी देऊ का एक? पाण्यात टाकली की झालं."

"छे छे, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला? कात्री इथंच आहे."

"नको, खरंच नको. आणि माझ्याकडे जागा तरी कुठंय."

येथवर सर्व शास्त्रोक्त चालले होते. पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा चारित्र्याचा, आणि तिसऱ्या आग्रहास एक दीर्घ सुस्कारा टाकून "बरं, तुम्ही इतकं म्हणताच आहात तर" असे म्हणत स्वीकार. हे आपल्याकडे मुलाला दात येण्यापूर्वी कळते. मी सुस्कारा ओठांशी आणून ठेवला होता. बाई म्हणाल्या, "बरं," आणि त्यांनी कात्री खणात टाकली.

ब्रिटा, तिसरा आग्रह आलाच नाही. त्या सुस्काऱ्याचे काय करावे हे न कळून मी तो खोकून टाकला. दुसऱ्या दिवशी तीच फांदी बेलिफ डॉमिनिकच्या मेजावर कॉफीच्या कपात उभी! मी चौकशी केली. डॉमिनिक म्हणाला, "तिनं विचारलं हवी का. मी म्हटलं हो." न्यू जर्सीची माणसे अशीच जग जिंकतात.

सबब शनिवारी मी स्वतः हरितगृहात गेलो. मनीप्लांट निवडणे ही वाटते तितकी क्षुद्र बाब नाही. एक साधा हिरवा असतो, सरकारी कर्मचाऱ्यासारखा, तक्रार न करणारा. एक पांढऱ्या शिंतोड्यांचा, जणू घर रंगवताना खाली उभा राहिलेला. एक पोपटी, तो पाहून दचकायला होते. आणि एक हिरव्यावर सोनेरी फराटे असलेला. तिथल्या बाईने शिकवले, की कुंडीत एकच लांब वेल असेल तर भुलू नये, अनेक आखूड वेली असलेली कुंडी घ्यावी. पान उलटून मागे कापसासारखी कीड नाही ना ते पाहावे. माती ओली चिंब असून पाने पिवळी असतील तर ती कुंडी विकणाऱ्याकडेच राहू द्यावी. मी तिथली बहुतेक सर्व पाने उलटून पाहिली. घरांचे मूल्यांकन करताना लोक माझ्याकडे जसे पाहतात, तसे ती बाई माझ्याकडे पाहू लागली.

मी सोनेरी निवडला. पैसे देताना तिने विचारले, "घरात उजेड कसा आहे?"

"दक्षिणेचा," मी म्हणालो. "मोठी खिडकी. खाली थेट सरोवर."

"भाग्यवान आहात."

हे विधान असत्य नाही. आपल्या घराला तशी खिडकी आहे, शपथेवर सांगेन. ती खोली सध्या वापरात नाही, हे तिने विचारले नाही.

तुझ्या आईची खोली तू सांगितलीस तशीच आहे. पडदा खाली. तिच्या चटया विणण्याच्या मागावर चादर. अंत्यविधीच्या दिवशी तू म्हणालीस, "कोणी आत जाऊ नका, ऊन लागून तिच्या चिंध्यांचे रंग उडतील," त्याला मी अक्षरशः बांधील आहे. निश्चिंत असावे.

मनीप्लांट घरातल्या बोळातील मेजावर, दिव्याजवळ ठेवला आहे. रात्री फार देखणा दिसतो.

नाताळला येशील का? आग्रह नाही. (हा पहिला.)

फावड्याचा व कुंडीचा एकमेव स्वामी,
तुझा पिता लोवेल टॉलेफ्सन


डुलुथ
२१ जानेवारी

प्रिय ब्रिटा,

शीतकालीन आशीर्वाद. सरोवर गोठले. माझ्या मिशा गोठल्या. शेजाऱ्याची मोटार गोठली, आणि त्याने तिच्याशी जे संभाषण केले ते चर्चमध्ये सांगण्यासारखे नाही.

नाताळला तुला सुटी मिळाली नाही हे समजले. मेजवानी मी स्वतःलाच दिली. बटाट्याचा लेफ्सा पोळीसारखा लाटण्याचा यत्न केला. एकाचा आकार शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यासारखा झाला, तो आधी खाल्ला.

आता वनस्पतिविषयक अहवाल. परिस्थिती चिंताजनक आहे.

प्रथम मी त्याला प्रेमाने बुडवले. रोज सकाळी कॉफी करताना त्यालाही पाणी. पाने एकामागून एक पिवळी. मग कळले की वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी द्यायचेच नसते. काळजी घेण्याची ही पद्धत मला नवीन आहे: आधी बोट घालून पाहायचे की समोरच्याला ती हवी आहे का.

पिवळेपणा थांबला. परंतु त्यानंतर त्याने सोने टाकायला आरंभ केला. नवे पान येते ते निव्वळ हिरवे. आकाराने टपालाच्या तिकिटाएवढे. आणि दोन पानांत इतके अंतर, की मधल्या उघड्या दांड्याकडे पाहून लाज वाटावी. वेल बोळातून स्वयंपाकघराच्या दिशेने, भांडी घासायच्या खिडकीकडे, निलाजरेपणाने ताणत निघाली आहे.

मी ग्रंथालयातून पुस्तक आणले. विषय विलक्षण निघाला. ही वेल रानात मोठमोठ्या वृक्षांवर चढते, आणि तिथे तिचे पान छत्रीएवढे होते, कडांना फाटलेले, भारदस्त. घरात मात्र ती जन्मभर बाल्यावस्थेतच राहते. फुलही जवळजवळ कधी येत नाही. एखादा जीव अख्खे आयुष्य पौगंडावस्थेत काढतो आणि कोणी त्याला बोल लावत नाही, हे वाचून मला टॉलेफ्सन घराण्यातील काही पुरुष आठवले. परंतु माझी झोप उडवणारी गोष्ट वेगळीच. खाली लोंबत ठेवली तर पाने लहान राहतात. एखादा ओंडका उभा करून तिला वर चढू दिले तर पाने मोठी होऊ लागतात. का? आधार मिळाला हे वेलीला कळते कशाने? तिला डोळे नाहीत. ती दांड्यावरच्या बारीक मुळांनी चाचपते, एवढे पुस्तक सांगते आणि पुढल्या प्रकरणाकडे वळते. मी अजून त्याच पानावर आहे.

कचेरीत श्रीमती कोम्ब्स यांचा सल्ला घेतला. त्या म्हणाल्या, "असं तोंडी सांगून डॉक्टरसुद्धा औषध देत नाही. बघायला हवं." गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर त्या कॉफीला आल्या. कोट काढला, बूट काढले आणि मोजे घातलेल्या पायांनी सरळ बोळात.

"अरे देवा. उपाशी आहे हा!"

"खत घातलं होतं."

"खताचं काय घेऊन बसलात? उजेड द्या. उजेडच जेवण असतं यांचं. इतक्या अंधारात तर उंदीरसुद्धा चष्मा मागेल." मग बंद दाराकडे बोट. "त्या दाराआड काय आहे?"

"अडगळ," मी म्हणालो.

त्यांनी दाराकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. त्यानंतर कात्री मागून घेऊन त्यांनी माझा मनीप्लांट निर्दयपणे छाटला. "पेराच्या खाली कापायचं. पेर नसेल तर पान पाण्यात हिरवं राहील, पण मूळ नाही फुटायचं. नुसतं दिसायला." छाटलेले तुकडे पेल्यात गेले. मग आपल्या पिशवीतून त्यांनी ओल्या कागदात गुंडाळलेली स्वतःच्या वेलीची एक फांदी काढली. जाडजूड, सोनेरी फराट्यांची.

"हवी? हवी? हवी?" त्या एका दमात म्हणाल्या. "झाले तीन. मला कचेरीत सांगितलं सगळ्यांनी, इथं कसं असतं ते. आता घे मुकाट्यानं."

मी सुस्कारा न टाकता घेतली. आणि अर्थात माझ्या तोंडून निघाले, "आभारी—"

"गप्प!" रोंडा ओरडली. पेला माझ्या हातून पडता पडता राहिला. "आभार मानायचे नाहीत. आमच्याकडे रोपाचे आभार मानले की रोप मरतं."

"मग म्हणायचं काय?"

"काहीच नाही. घ्यायचं आणि गप्प बसायचं. जमेल?"

ब्रिटा, तुझ्या पित्यास आजवर अनेकांनी गप्प बसवण्याचे यत्न केले; त्यांत एक बिशप होते. परंतु घेतल्यावर गप्प बसायला कोणी सांगितले नव्हते. मी आभार न मानता बसलो. ती बसली. कॉफी निवाली. बाहेर कोणी तरी बर्फ खरडत होते. मला एकही विनोद सुचला नाही, आणि आश्चर्य असे की त्याची उणीवही भासली नाही.

असो.

आता एक विनंती, आणि ती केवळ वनस्पतिशास्त्रीय आहे. दक्षिणेच्या खोलीतला पडदा दिवसातून थोडा वेळ वर केला तर? मागावरची चादर जाड आहे. चिंध्यांच्या टोपल्या मी कपाटात ठेवीन. घरमालकांना दक्षिणेच्या खिडकीचे मोल कळत नसते. मी ते नोंदवून त्यांचा कर वाढवला की तत्काळ कळते. इतकी वर्षे इतरांचे उजेड मोजून माझ्या स्वतःच्या घरात एक वनस्पती अंधाराने मरावी, हे माझ्या पदास शोभणारे नाही.

तू नाही म्हणालीस तर विषय संपला.

उजेडाच्या प्रतीक्षेत, वनस्पतीच्या वतीने,
तुझा पिता


डुलुथ
३ मार्च

ब्रिटा,

तू फोनवर जे म्हणालीस ते सर्व मला आठवते. "खोली उघडायची तर उघड, मला कशाला विचारतोस." हे ज्या स्वरात म्हणालीस तो स्वर मी ओळखतो, तो तुझ्या आईचा आहे, आणि त्या स्वरातील परवानगी वापरायची नसते. नंतर तू म्हणालीस, "आणि झाडाला मध्ये आणू नकोस. पहिल्या पत्रात ती श्रीमती कोम्ब्स होती. दुसऱ्यात अर्ध्यावर रोंडा झाली. तुला कळलंही नाही. रोंडा कोण, बाबा?"

मी उत्तरलो, "किटली उकळते आहे," आणि फोन ठेवला. किटली कपाटात होती.

त्यानंतर तू फोन केला नाहीस. मी केला तेव्हा उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. तुझे म्हणणे खरे आहे, पत्रातून लवकर पळता येत नाही. मी आतापर्यंत या पत्रापासून पुष्कळ वेळा उठून भट्टी पाहून आलो आहे. भट्टी उत्तम आहे.

मी खोली उघडली. तू नको म्हणत होतीस हे कळूनही उघडली. शनिवारी सकाळी. दार अडकले होते. खांदा लावावा लागला. आत तिचा वास अजून होता, लोकरीचा आणि त्या लिंबाच्या साबणाचा. मी दाराशी थोडा थांबलो, म्हणजे तो एकदम निघून जाऊ नये. मग पडदा वर केला. ब्रिटा, मी विसरलो होतो. बर्फावरून आणि गोठलेल्या सरोवरावरून उलटून उजेड येतो तो छतावर जाऊन पडतो. तू लहान असताना त्याला 'वरचे पाणी' म्हणायचीस.

मागाची चादर काढली नाही. टोपल्या कपाटात ठेवल्या. वरच्या टोपलीत तुझ्या शाळेच्या बँडच्या गणवेशाच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या आहेत. त्या तिथेच आहेत.

मनीप्लांट खिडकीच्या फळीवर ठेवला आणि स्वतःवर संतुष्ट होऊन सोमवारी कामावर गेलो. काही दिवसांत त्याच्या पानांवर तपकिरी डाग. मोठे, कागद जळल्यासारखे. रविवारी रोंडा आली.

"कुणी सांगितलं तुला याला नागड्या उन्हात ठेवायला?"

"तूच म्हणालीस, उजेड."

"उजेड म्हणाले, लोवेल. तव्यावर टाक म्हणाले नव्हते! यांना झाडाखालचा उजेड लागतो. पुढून पातळ पडदा असला की झालं. तुझ्या जेवणघरातली पूर्वेची खिडकी आहे ना? ती पुष्कळ होती याला. पहिल्या दिवसापासून पुष्कळ होती."

तिने कुंडी उचलून जेवणघरात नेली. तिथे एक जुनी फळी त्याला टेकू म्हणून उभी केली. आता तो तिथे आहे, बरा आहे, आणि नव्या पानावर एक बारीकसा सोनेरी फराटा मला भिंग लावून दिसतो.

मी दक्षिणेच्या खोलीत परत गेलो. पडदा खाली ओढायला दोरीला हात घातला, कारण आता तो वर ठेवायला काही कारणच उरले नव्हते. वनस्पतीला त्या खोलीची गरज नव्हती. कधीच नव्हती. दोरी हातात धरून उभे असताना मला कळले, की गरज कोणाला होती.

मी पडदा तसाच ठेवला.

तेव्हा आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. रोंडा ती स्त्री आहे, जी रविवारी येते आणि जिची मी शनिवारी वाट पाहू लागतो. ती मोठ्याने हसते. कॉफीत इतकी साखर घालते की चमचा उभा राहील. ती मला मध्येच थांबवते आणि म्हणते, "आता खरं सांग." तुझ्या आईसारखी, मॅरिटसारखी, ती मुळीच नाही, आणि मी तिला मॅरिटच्या जागी बसवू पाहत नाही, तशी जागा नसते. लग्नाचे काही बोललेलो नाही. बोललो तर तुला आधी सांगेन. मला एवढेच ठाऊक आहे, की ती गेल्यावर घर जितके शांत होते, तितके ते पूर्वी, ती येत नव्हती तेव्हा, मला जाणवत नव्हते.

तिने खोलीत पाऊल टाकलेले नाही. उंबरठ्यावर थांबली. मी म्हणालो, "ये ना." ती म्हणाली, "ही तुझी एकट्याची खोली नाही. तुझी मुलगी म्हणेल तेव्हा येईन. नाही म्हणाली तर मी इथूनच बघेन, छान दिसतं इथूनही." मी अडगळ म्हणालो होतो, ते तिने कधीच ओळखले होते.

आता जे सांगायचे ते सांगतो. तुझी आई गेल्यापासून तू या घरात फार थोड्या वेळा आलीस, आणि आलीस तेव्हा त्या बंद दारासमोरून जाताना पावले हळू टाकायचीस. मला वाटायचे, ते दार बंद आहे तोवर तुझे येणे आहे. ते उघडले तर तुला इथे येण्यासारखे काही उरणार नाही, असे मी धरून चाललो होतो. तुझ्या आईला मी गमावलेच आहे. उजेडाच्या मोबदल्यात तुलाही गमावले, तर तो माझ्या सबंध कारकिर्दीतील सर्वांत महागडा मूल्यनिर्णय ठरेल.

हा विनोद होता. सवय आहे. खोडत नाही.

ईस्टरला रोंडा जेवायला येणार आहे. तू आलीस तर मला बरे वाटेल. तू म्हणालीस, तर तिला येऊ नको असे सांगेन. पण तिला भेटणे थांबवीन असे तुला खोटे आश्वासन देणार नाही. परवानगी मागत नाही, ब्रिटा. सांगतो आहे. सर्वांत आधी तुला.

आशीर्वाद तर आहेतच. पण आज आशीर्वाद देण्याइतका मी स्वतःला मोठा वाटत नाही.

बाबा


टुसॉन
१४ मार्च

बाबा,

पत्र मिळून बरेच दिवस झाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी चिडले की दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मोठ्यानं बोलले. तुझ्याशी. तू नव्हतास, ते बरं झालं. तू मला विचारलंस आणि मी स्पष्ट नको म्हटलं नाही, तरी तुला कळलं होतं की मला नको आहे, आणि तरीही तू उघडलीस. हा राग अजून आहे. गेला असं सांगणार नाही.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की एक अख्खं पान तू विनोद केला नाहीस. आणि एक केलास तर कबूल केलंस. मला तुझं असं पत्र याआधी कधी आलं नव्हतं. आईला तरी कधी आलं असेल का कुणास ठाऊक.

तू एक चुकीचं धरून चाललास. मी त्या दारासाठी येत नव्हते. त्या दारामुळे येत नव्हते. मीच ते बंद करायला लावलं आणि मग मलाच त्याच्यासमोरून जाता येईना. तुला कसं सांगणार? तू इतक्या निष्ठेनं पाळत होतास. पत्रातही तेच, 'पडदा खाली, मागावर चादर, निश्चिंत असावे.' मी निश्चिंत नव्हते, बाबा. मला वाटायचं, आता हे उघड म्हणून सांगितलं तर तुला वाटेल मी तिला विसरले.

'वरचे पाणी' मी विसरले होते. तू लिहिलंस आणि एकदम आठवलं. आई मागावर बसलेली आणि मी खाली चटईवर पडून छताकडे बघतेय.

सुटी मागितली आहे. मिळाली. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री विमान. विमानतळावर येऊ नकोस, रस्ते निसरडे असतील. मी टॅक्सी करीन. (येशील हे माहीत आहे. तरी नको. खरंच नको. हे दोन झाले, तिसऱ्यांदा विचारू नकोस.)

मी आईच्या खोलीत झोपेन. पलंग लागणार नाही, चटई पुरे. पडदा वर असू दे.

रोंडा मला आवडेल की नाही, सांगता येत नाही. न आवडण्याची तयारी करूनच येतेय, आधीच सांगते. ती हसते मोठ्यानं, असं लिहिलंस. आमच्या वॉर्डातही एक आहे तशी, तिनं पहिले सहा महिने माझं डोकं उठवलं होतं, आता ती सुटीवर गेली की करमत नाही. बघू.

पण तिला दारात उभं ठेवू नकोस. मी म्हणाले म्हणून सांग. आत ये म्हणावं.

तुझीच, आणि अजून आईचीही,
ब्रिटा